खाडी एवढी मोठी, मग फ्लेमिंगोला तळं कशाला?

शिरवणे : नेरूळच्या डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करायला राज्य वन्यजीव मंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मान्यता दिली. तळं जेमतेम ३० एकर. शेजारी एवढी ठाणे खाडी पडलीय, तिथे २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ ला रामसरचा दर्जाही मिळाला. मग या पाखरांना अजून जागा कशाला, असं कट्ट्यावर कोणीतरी विचारतंच.

आधी हे पाखरू कुठलं ते बघू. छोटा फ्लेमिंगो जगात सगळीकडे नाही. आफ्रिकेत आहे, नाहीतर भारत-पाकिस्तानच्या पश्चिम पट्ट्यात. जगातली बहुतेक पिल्लं टांझानियातल्या नेट्रॉन या एकाच खाऱ्या सरोवरात जन्मतात. आपल्याकडे त्यांचा विणीचा भाग कच्छच्या रणाचा. खाणं ठरलेलं, खाऱ्या उथळ पाण्यातलं निळं-हिरवं शेवाळ. चोच उलटी घालून ते गाळून खातो आणि त्यातल्याच रंगाने गुलाबी होतो. ठाणे खाडीत शहरांचं सांडपाणी येतं, त्यावर हे शेवाळ माजतं. म्हणजे ज्या घाणीने आपली मासळी गेली, तीच याचं जेवण!

पण जेवण चिखलावर, आणि चिखल उघडा पडतो ओहोटीला. भरती आली की चिखल पाण्याखाली जातो. तेव्हा लाखभर पाखरांनी उभं राहायचं कुठे? उथळ तळ्यात. डीपीएस आणि टीएस चाणक्यजवळच्या पाणथळीचं काम हेच.

२०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएसला भरतीचं पाणी यायचे मार्ग बुजले, तळं सुकलं. त्याच दिवसांत नेरूळच्या रस्त्यांवर जखमी आणि मेलेले फ्लेमिंगो सापडले.

आता ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबई विमानतळाचंही उद्घाटन झालंय. विमानांमुळे पाखरं नकोत, तळी बुजवा, असं म्हणणारे भेटतात. पण तळं गेलं म्हणून पाखरू कच्छला परत जात नाही. खाणं खाडीतच आहे. ते भरतीला जागा शोधत हवेत फिरणार, म्हणजे विमानाला धोका उलट जास्त.

राहिला प्रश्न देखभालीचा. खाजणात शेती केलेल्यांना ठाऊक आहे, उघाडी चोंदली की आतलं सगळं मरतं. तळ्याचंही तसंच. कागदावर राखीव झालं तरी पाण्याची तोंडं कोण साफ ठेवणार, किती दिवसांनी, हे ठरायला हवं. पाखरं साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात उतरतात. त्याआधीच्या अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी आत शिरतंय का, ते कोणालाही काठावरून दिसेल.