नाव बदल, मग मर्ज करू

परसोडीच्या आयटी पार्कात काय किंवा मिहानमध्ये काय, कोड रिव्ह्यूत कुणी फंक्शनच्या नावावर बोट ठेवलं की ठरलेलं उत्तर येतं: चालतंय ना, मग नावाचं एवढं काय? माझं मत उलटं आहे. कोड चोख असला तरी निव्वळ नावासाठी मर्ज अडवावा. फंक्शन एक जण लिहितो, कॉल करणारे कित्येक असतात, आणि ते आत डोकावत नाहीत. जमिनीच्या नोंदींचं सॉफ्टवेअर घ्या. तलाठी वारसाची नोंद फेरफाराच्या नोंदवहीत घेतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि तेव्हा कुठे सातबारा बदलतो. समजा, यातल्या एका फंक्शनचं नाव कुणी 'व्हॅलिडेटफेरफार' ठेवलं. ते नोंद नुसती तपासतं की प्रमाणितही करून टाकतं? कागद पुरे आहेत का, एवढंच बघायला निघालेला नवा प्रोग्रॅमर ते निर्धास्त कॉल करील आणि मुदत संपायच्या आत सातबाऱ्यावर नवं नाव चढेल. टेस्ट मात्र सगळ्या हिरव्या, कारण लिहिणाऱ्याच्या मनातलं काम फंक्शन बिनचूक करतंय! 'गेटलँडरेकॉर्ड' हे आणखी एक पोकळ नाव. सातबारा गटाचा असतो, आठ-अ खातेदाराचा. तलाठी कार्यालयात या दोहोंत कुणाची गल्लत होत नाही, ती इंग्रजी भाषांतरात होते. मग सरळ 'गेटसातबारा' लिहायला लाज कसली?

नावांवरचे वाद संपत नाहीत, ही तक्रार खोटी नाही. 'गेट' की 'फेच' यावर तासभर घालवणं हा रिकामटेकडेपणाच. पण नाव वाचून समोरचा चुकीचं काम करून बसेल का, हा प्रश्न आवडीनिवडीचा नाही आणि त्याचं उत्तर बहुधा मिनिटभरात मिळतं. एडिटर एका झटक्यात नाव बदलतो, नंतर बघू, असंही म्हणतात. आपल्याच कोडपुरतं ते खरं. बाहेरच्यांनी वापरायला सुरुवात केली की नाव हातातून सुटतं. जावाच्या यूआरएल क्लासमधलं 'इक्वल्स' दोन पत्ते ताडून बघताना होस्टचा आयपी शोधायला थेट नेटवर्कवर जाऊ शकतं. नावात त्याचा मागमूस नाही, दस्तऐवजात इशारा आहे, आणि इतक्या वर्षांत ते बदललेलं नाही. पीएचपीत 'मायएस्क्यूएल एस्केप स्ट्रिंग' अपुरं पडलं म्हणून शेजारी 'मायएस्क्यूएल रिअल एस्केप स्ट्रिंग' आलं. पहिलं खोटं होतं की काय, असं विचारावंसं वाटतं. 2015 मध्ये पीएचपी 7 आलं तेव्हा कुठे दोन्ही गेली.

कमेंट लिहिली की भागतं, हेही पटत नाही. कमेंट फंक्शनच्या डोक्यावर असते, कॉलच्या ओळीत दिसतं ते फक्त नाव. रिअ‍ॅक्टवाल्यांनी हे ओळखून एका प्रॉपचं नाव मुद्दाम 'डेंजरसली सेट इनर एचटीएमएल' ठेवलं. लांबलचक आहे, ओबडधोबड आहे, पण वापरलेल्या प्रत्येक ओळीशी रिव्ह्यू करणाऱ्याची नजर ठेचकाळतेच.