नातू न्यू जर्सीत, पोरगा सिंधी कॉलनीत

या आठवड्यात जळगावातल्या एका कट्ट्यावर अमेरिकेवर भरपूर राग निघाला. न्यू जर्सीतला नातू एकवीस पूर्ण करतोय. अवलंबितांचा एच-4 व्हिसा संपणार आणि बाप ग्रीन कार्डाच्या रांगेत उभाच. चार वर्षांचं असताना नेलेलं पोर, त्याचा काय दोष? राग रास्तच आहे. लहानपणी आणलेल्या मुलांसाठीच्या ओबामांच्या 2012 च्या ‘डाका’ सवलतीतही ही मुलं बसली नाहीत. ती कागदपत्रांविना राहणाऱ्यांसाठी होती आणि ही तर रीतसर व्हिसावर गेलेली.

मला खटकलं ते पुढचं. हीच मंडळी गावातल्या सिंधी कॉलनीचा विषय निघताच ‘ते पाकिस्तानी’ म्हणून मोकळी झाली.

तिथला एक मुलगा 2016 साली, सहाव्या वर्षी, आई-वडिलांबरोबर सिंधमधून आला. आता अकरावीत आहे. शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ घोटकी, घरी दीर्घ मुदतीच्या व्हिसाची फाईल. ‘सीएए’ची, म्हणजे 2019 च्या नागरिकत्व कायदा दुरुस्तीची, भारतात येण्याची कट-ऑफ 31 डिसेंबर 2014, म्हणून तो बाहेर. भारतीय वंशाचा म्हणून अर्ज करावा, तर तो स्वतः किंवा आई-वडिलांपैकी एक जण अखंड भारतात जन्मलेला लागतो. आजोबांचा जन्म चालत नाही. उरला सर्वसाधारण मार्ग: बारा वर्षांचं वास्तव्य, तोही सज्ञान झाल्यावर. त्या दुरुस्तीनं धर्म पाहिला, तारीख पाहिली. कोण कितव्या वर्षी आला, हे पाहिलं नाही.

नातवासाठी आपण जे बोलतो, ते सगळं या पोरालाही लागू पडतं. निर्णय मोठ्यांचा, शाळा इथली, मित्र इथले. मग त्याच्या वाट्याला संशय का?

खान्देशाला डावललं जातं, हे मी इथे अनेकदा लिहिलं आहे. 2016 मध्ये नागरिकत्वाच्या अशा अर्जांचे अधिकार ठरावीक जिल्हाधिकाऱ्यांना दिले, तेव्हा महाराष्ट्रातून मुंबई, पुणे, ठाणे, नागपूर होते; जळगाव नव्हतं. आपला आवाज दिल्लीत पोचत नाही, याशिवाय मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

मार्ग कायद्यातच आहे. नागरिकत्व कायद्याच्या कलम 5(4) नुसार विशेष परिस्थितीत केंद्र सरकार कोणत्याही अल्पवयीन मुलाची नागरिक म्हणून नोंदणी करू शकतं. आज ती सरकारची मर्जी आहे. लहानपणी आणलेल्या आणि इथेच शिकलेल्या मुलांसाठी तो हक्क व्हायला हवा. जळगाव, रावेर, धुळे, नंदुरबारच्या खासदारांनी येत्या अधिवेशनात ही दुरुस्ती मागावी. अठरा पूर्ण झाले की या कलमाचा उपयोग संपतो.