जिन्याच्या तोंडाशी

मूल रांगू लागले की घरात कौतुकाला ऊत येतो. पण ज्या घरात जिना आहे, तेथे त्याच दिवशी सुताराला निरोप धाडावा, असे माझे मत आहे. धाकट्या बहिणीने दुमजली घर घेतले आणि तिच्या दहा महिन्यांच्या चिरंजीवांच्या जिन्यावर स्वाऱ्या सुरू झाल्या, तेव्हा फाटक निवडण्याचे काम मामाकडे, म्हणजे माझ्याकडे आले.

बाजारात फाटकांच्या दोन जाती दिसतात. एक दोन्ही भिंतींना नुसत्या दाबाने धरून राहते; दुसरी स्क्रूने पक्की होते. पहिली पायथ्याशी चालेल, माथ्यावर कदापि नको! मुलाने अंग टाकले नि ती निसटली, तर फाटकासकट मूल खाली. शिवाय तिची तळाची पट्टी मोठ्यांच्याच पायात येते. माथ्यावरचे फाटक जिन्याकडे न उघडता आतल्या बाजूस उघडावे. स्क्रू नुसत्या गिलाव्यात नव्हे, विटेत वा काँक्रीटमध्ये रुतला पाहिजे. गज उभे हवेत. आडव्या गजांची मुले शिडी करतात. दोन गजांत सहा सेंटिमीटरांहून अधिक अंतर नसावे.

मूल दोन वर्षांचे झाले, किंवा त्याआधीच फाटकावर चढू लागले अथवा कडी काढू लागले, की फाटक काढून टाकावे. तोवर त्याला हात धरून, पाठमोरे, एकेक पायरी उतरायला शिकवावे. आणि कडी? ती लावण्याची सवय मात्र, वाचकहो, आपल्यालाच लावून घ्यायची आहे!