योसेफ कोणत्या कपाटात?

आमच्या वाचनालयातल्या लोखंडी कपाटांवर ऑइलपेंटने लिहिलेलं आहे: कादंबरी, चरित्र, धार्मिक, बाल. चांदवडसारख्या गावात एवढ्या पाट्यांवर भागतं. मध्यंतरी नाशिकला राहायला गेलेल्या एका कुटुंबाने पुस्तकांची पोती देणगी म्हणून पाठवली. त्यात टॉमस मानची योसेफावरची इंग्रजी अनुवादातली जाडजूड कादंबरी निघाली. मी ती दाखल नोंदवहीत चढवली आणि कादंबऱ्यांत लावली. आमचे एक जुने सभासद, निवृत्त शिक्षक, लगेच म्हणाले, "ताई, बायबलमधलं आहे ना? मग धार्मिकात ठेवा. उगाच कुणाची तक्रार नको."

सरांचं सावधपण मला कळतं, पण पटत नाही.

बायबलमधला योसेफ 'उत्पत्ती'च्या थोड्याच अध्यायांत येतो. भाऊ त्याला विकतात, तो मिसरात पोचतो, पोटीफरची बायको त्याच्यावर आळ घेते. त्या बाईला तिथे नावसुद्धा नाही. मानने त्या अध्यायांवर चार खंड लिहिले, पहिला १९३३ मध्ये आणि शेवटचा १९४३ मध्ये आला. त्याने बाईला नाव दिलं, घर दिलं, झुरणं दिलं. हे सगळं त्याच्या पदरचं आहे आणि त्याचा भार त्यानेच उचलायचा. ते फसलं असेल तर मी बेलाशक म्हणू शकते की तिसरा खंड रेंगाळलाय. 'उत्पत्ती'बद्दल असं कुणी म्हणत नाही. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय लांबला, असं आपण कधी म्हणतो का?

माझी कसोटी एवढीच. पुस्तक कुणाच्या शब्दावर उभं आहे? परंपरेच्या शब्दावर असेल तर धार्मिक. लेखकाच्या एकट्याच्या जिवावर असेल तर कादंबरी, मग आतली माणसं कुठूनही आलेली असोत.

आपल्याला हे नवं नाही. वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ ची. तिच्यातली अलका व्यासांना ठाऊक नाही आणि कचाला खांडेकरांनी पुन्हा बोलावून आणून आपल्या मनातला आदर्श त्याच्या तोंडी घातला. १९६७ ला 'मृत्युंजय' आलं. आज आमच्याकडे तरुण मुलं वाद घालताना त्या कादंबरीतली वाक्यं महाभारताचा पुरावा म्हणून फेकतात. शिवाजी सावंतांच्या लेखणीचा हा मान आहेच, पण घोटाळाही आहे. कादंबरी धार्मिक कपाटात गेली की हा घोटाळा आम्हीच अधिकृत करतो. दुसरीकडे लेखकाचंही नुकसान. ग्रंथात नसलेलं लिहिण्याची जी मोकळीक त्याने घेतली, तिलाच पाटी बघून लोक पाप म्हणू लागतात.

ही कसोटी लावली की काही पुस्तकं आपणहून धार्मिकात जातात. फादर स्टीफन्सचं 'क्रिस्तपुराण' घ्या. गोव्यात १६१६ साली छापलेलं, सुमारे अकरा हजार ओव्यांचं. भाषा अशी की कवितेच्या कपाटात ठेवायचा मोह व्हावा, पण ते लिहिलं नवख्रिस्ती माणसांना धर्म समजावा म्हणून. विमलसूरीचं 'पउमचरिय' तसंच. माहाराष्ट्री प्राकृतातल्या या जैन रामकथेत रावणाला राम नव्हे, लक्ष्मण मारतो. आमच्या डोंगरात जैन लेणी असल्याने हा विषय गावात निघतो आणि कुणीतरी म्हणतं, ही तर रामायणावरची कादंबरीच झाली! नाही. इतरांनी सांगितलेली कथा खोटी, खरी ही, असा विमलसूरीचा दावा आहे. कादंबरीकार असा दावा करत नाही.

केलाच तर काय होतं, ते 'द दा विंची कोड'ने दाखवलं. डॅन ब्राउनने कादंबरीच्या सुरुवातीलाच 'हे तथ्य' असं एक पान घातलं आणि भांडण अंगावर ओढवून घेतलं. २००६ मध्ये चित्रपट आला तेव्हा आपल्या सेन्सॉर बोर्डाने सगळं काल्पनिक असल्याची पाटी लावायला सांगितली. तरीही काही राज्यांनी बंदी घातली. बंदी चूकच होती, पण ब्राउनची मला फारशी कणव येत नाही. कणव येते ती जुझे सारामागोची. १९९१ च्या त्याच्या कादंबरीत येशू नायक आहे, पण तिच्यावर कादंबरीशिवाय दुसरा शिक्का त्याने मारला नव्हता. तरी पोर्तुगाल सरकारने तिला युरोपियन पुरस्काराच्या यादीतून काढलं आणि तो देश सोडून लान्सारोते बेटावर राहायला गेला.

खरी अडचण कीर्तनाची आहे. १८८० च्या सुमाराला मुंबईत बेने इस्राएल मंडळींनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तनं सुरू केली. कीर्तनकार आख्यानात पदरची भर घालतोच, श्रोत्यांना ते ठाऊक असतं आणि तरी ते हात जोडतात. इथे परंपरेचा शब्द कुठे संपतो आणि बुवांचा कुठे सुरू होतो, हे कोण सांगणार? रेव्हरंड टिळकांनी सुरू केलेलं आणि त्यांच्या मागे लक्ष्मीबाईंनी पुरं केलेलं 'ख्रिस्तायन' मला असंच वाटतं. लक्ष्मीबाई आमच्या जिल्ह्यातल्या, जलालपूरच्या. 'स्मृतिचित्रे' कुठे ठेवायचं याचा प्रश्न कुणालाच पडत नाही, 'ख्रिस्तायन'ने मात्र मला अडवलं आहे. भक्ती उघड आहे, आणि लक्ष्मीबाईंचा स्वतःचा आवाजही तितकाच उघड आहे. मी ते धार्मिकात ठेवीन, पण कुणी कवितेत हलवलं तर भांडणार नाही.

प्रकाशकांकडे मात्र एक मागणं आहे. महाभारतावरच्या पुस्तकावर ते 'पौराणिक कादंबरी' असं स्वच्छ छापतात. येशूवरचं, मोशेवरचं, योसेफावरचं पुस्तक आलं की मात्र तो शब्द गाळतात आणि ओळख वाचकाच्या अंदाजावर सोडतात. मुखपृष्ठावर 'बायबलवर आधारित कादंबरी' छापा. सरांनाही मी तेच सांगितलं. त्यांनी पहिला खंड स्वतःच्या नावावर घरी नेला आहे.