आयटी निर्यात वाढली, रेशन कार्डाचं काय?

सरकारी आयटी अधिकाऱ्याच्या कारकिर्दीचा हिशोब कसा मांडायचा? तेलंगणाचे जयेश रंजन यांचं उदाहरण घेऊ. १९९२ च्या बॅचचे हे आयएएस अधिकारी अनेक वर्षं राज्याच्या आयटी खात्याचे सचिव होते. २०१५ मध्ये हैदराबादेत नव्या कंपन्यांसाठी टी-हब सुरू झालं. राज्याची आयटी निर्यात २०१३-१४ मध्ये ५७,२५८ कोटी रुपये होती, ती २०२२-२३ मध्ये २,४१,२७५ कोटींवर गेली. २०२३ च्या डिसेंबरात सरकार बदललं, तरी नव्या सरकारनेही त्यांना तिथेच ठेवलं. ही कदर रास्तच आहे.

पण याच खात्यातून ‘समग्र वेदिका’ ही संगणक प्रणालीही आली. ती वाहन, वीज, मालमत्ता अशा वेगवेगळ्या सरकारी नोंदी नाव-पत्त्यावरून जुळवते आणि कोण ‘खरा गरीब’ ते सांगते. हैदराबादेत हातावर पोट असलेल्या एका मुस्लिम बाईला रेशन कार्ड नाकारलं गेलं. कारण काय, तर तिच्या नवऱ्याशी मिळतंजुळतं नाव असलेल्या दुसऱ्याच माणसाकडे मोटार होती!

सामाजिक कार्यकर्ते एस. क्यू. मसूद यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये रद्द झालेली सुमारे १९ लाख कार्डं प्रत्यक्ष जाऊन तपासायला सांगितली. जुलैपर्यंत तपासलेल्या २,०५,७३४ अर्जांपैकी १५,४७१ कुटुंबं पात्र निघाली. म्हणजे शंभरात सात-आठ घरांचं धान्य विनाकारण तुटलं होतं. दोष एकट्या अधिकाऱ्याचा नाही. कार्ड रद्द करणारं खातं वेगळं होतं, धोरण सरकारचं होतं. पण मग जबाबदार कोण, हे कुणीच सांगत नाही.

आपल्याकडेही लाडकी बहीण योजनेत चारचाकीच्या नोंदींवरून नावं तपासली गेली. आपल्या मोहल्ल्यात शेख आणि सय्यद घरोघरी आहेत. एकच नाव दाखल्यावर ‘मोहम्मद’, आधारवर ‘मो.’, रेशन कार्डावर ‘महंमद’ असतं. माणसाला हे कळतं, मशीनला कळत नाही.

म्हणून सगळ्या कागदांवर नाव एकसारखं करून घ्या. लाभ बंद झाला तर कारण लेखी मागा, अर्जाची पोच जपून ठेवा. आणि सरकारकडे एक साधी मागणी लावून धरा: नाव कापण्याआधी नोटीस द्या आणि माणूस घरी पाठवा. आयटी अधिकाऱ्याच्या कामाचं मोजमाप निर्यातीच्या आकड्यांइतकंच या गोष्टीवरूनही व्हायला हवं.