आधी रस्ता, मग परवानगी

मुळशीकरांनो,

जानेवारी 2025 मध्ये हिंजवडीत काँक्रीटचा मिक्सर ट्रक उलटला आणि दुचाकीवरच्या दोन विद्यार्थिनी त्याखाली गेल्या. मग वेगमर्यादा, अवजड वाहनांच्या वेळा, चालकांवर कारवाई, सगळं बोलून झालं. आमचा सवाल निराळा आहे. असे मिक्सर ज्या इमारतींकडे धावतात, त्यांना परवानगी देताना तिथे रस्ता होता का?

नव्हता. नकाशावर ‘प्रस्तावित रस्ता’ होता. हिंजवडी-माणपासून भूगाव-पिरंगुटपर्यंत हीच रीत: कागदावरच्या रेघेच्या भरवशावर मजल्यांवर मजले चढवायचे, आणि माणसं राहायला आली की गावच्या पाणंदीवरून त्यांना हाकायचं. पुणे महानगर प्रदेशाचा प्रारूप विकास आराखडा 2021 मध्ये आला, 2025 मध्ये रद्द झाला. इमारतींना कुणी रद्द केलं? त्या उभ्याच आहेत, रोज सकाळी त्यांतून गाड्या बाहेर पडतात.

आणि तोडगा काय, तर रुंदीकरण! साधा हिशेब करा. साठ माणसं एका बसमध्ये बसली तर रस्ता लागतो बारा मीटर. तीच साठ जणं एकेकटी मोटारीत बसली, तर बंपरला बंपर लावूनही रांग जाते दोनशे चाळीस मीटर. बसला स्वतंत्र मार्गिका न देता नुसता रस्ता वाढवला, तर ही रांगच रुंद होणार. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर मेट्रोचं भूमिपूजन डिसेंबर 2018 मधलं. 2025 सरेपर्यंत तिच्यातून एकही प्रवासी गेला नव्हता. तोवर आजूबाजूला किती परवानग्या निघाल्या, ते प्रत्येकाने आपल्या गच्चीवरून मोजावं.

“लोकांना घरं नकोत का?” हवीत, आणि भरपूर हवीत. मेट्रोच्या 23 स्थानकांपासून चालत जाता येईल अशा अंतरावर हवीत, दाट हवीत, नोकरदाराला परवडणारी हवीत. डोंगरउतार कापून, ओढे बुजवून पाडलेले प्लॉट म्हणजे घरांची सोय नव्हे. जून 2025 मध्ये हिंजवडीच्या आयटी पार्कचे रस्ते पाण्याखाली गेले, ते याच बेफिकिरीने.

“तुम्हीच रस्त्याला जागा सोडत नाही.” हे ऐकून संताप येतो. 1921 साली सत्याग्रह करूनही मुळशीच्या जमिनी धरणाखाली गेल्या. पुढे एमआयडीसीला गेल्या. रान मोकळं होतं, भाव कमी होते, तेव्हा रस्त्याची जागा योग्य मोबदला देऊन ताब्यात का घेतली नाही? आता दोन्ही बाजूंना बांधकामं झाल्यावर उरलेला पट्टा शेतकऱ्याकडे मागायचा आणि वर त्यालाच विकासाचा वैरी ठरवायचं?

येत्या ग्रामसभेत प्रत्येक गावाने ठराव करावा: रस्त्याची जागा ताब्यात येऊन तो वाहतुकीला खुला होईपर्यंत, बस सुरू होईपर्यंत आणि पाण्याची लेखी हमी मिळेपर्यंत मोठ्या गृहप्रकल्पाला परवानगी नाही. सरपंचांनी त्यावर सही करून तो परवानगी देणाऱ्या कार्यालयात द्यावा, पोच घ्यावी आणि ती चावडीवर लावावी.