पडद्यावरील वीर आणि खरा पराक्रम

साहसी बोलपटांतील वीरांविषयीं विद्यार्थ्यांची भक्ति पाहून कित्येक वडीलधारी मंडळी कपाळास आठ्या घालतात. आम्हांस तें पटत नाहीं. सन १९३५ मध्यें निघालेल्या 'हंटरवाली'तील नादियानें घोडदौड, उड्या व चाबूक यांनीं प्रेक्षकांस वेड लावलें. आणि तीं धाडसें ती स्वतः करी. मुलांस मोह पडतो तो ह्या निर्भयतेचा. ती वाईट कशी म्हणावी?

परंतु निर्भयता कोणासाठीं, हा प्रश्न उरतोच. आपल्या सोलापुरांत १९१० सालीं जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्यें युद्धग्रस्त चीन देशीं गेले, जखमी सैनिकांवर उपचार करीत राहिले व १९४२ सालीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, तेथेंच निवर्तले. १९४६ सालीं व्ही. शांताराम यांनीं त्यांच्यावर बोलपट काढला व त्यांची भूमिका स्वतः केली. ह्या नायकाचें शस्त्र चाबूक नव्हे, तर वैद्याची सुरी.

म्हणून, विद्यार्थिमित्रांनो, नादियासाठीं टाळ्या अवश्य वाजवा. मात्र शाळेच्या भिंतीवरून उडी घेण्यापूर्वीं एवढें स्वतःस विचारा, कीं ह्या उडीनें कोणाचें भलें होणार आहे?